मुलींच्या रक्ताचा हिशेब

(कुही येथे शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे मानणारी मंडळी या सभागृहाबाहेर पुष्कळ आहेत. सभागृहातही थोडी असतील. मिरचीचा भाव, धानाचे पाणी, गोसीखुर्दच्या बुडीत गावांचा मोबदला हे प्रश्न कुहीत जाहीर सभेत मांडले जातात आणि ते मांडलेच पाहिजेत. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावरून दहा-दहा दिवस रक्त जाते, तिला वर्गात घेरी येते, महिन्यातून आठवडाभर ती शाळा बुडवते आणि अखेरीस शाळाच सोडते, हा प्रश्न मात्र चुलीच्या पलीकडे येत नाही. तो खासगी ठरतो. एखादा प्रश्न एकदा खासगी ठरला, की त्यावर ना सरकारला काही करावे लागते, ना समाजाला. म्हणून तो सार्वजनिक करणे हेच या व्याख्यानाचे पहिले प्रयोजन आहे.

मौन किती महाग पडते, याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. मे २०२३ मध्ये उल्हासनगर येथे बारा वर्षांच्या एका मुलीच्या कपड्यावर पहिल्या पाळीचे डाग दिसले. थोरल्या भावाने त्याचा भलताच अर्थ लावला आणि मारहाण करून तिचा जीव घेतला. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली आणि प्रकरण पोलिसांत गेले. या दोन्ही घटना महाराष्ट्रातल्या आहेत, आजच्या काळातल्या आहेत. रक्ताचा डाग दिसताच ज्या समाजाला आधी संशय सुचतो आणि विचारपूस मागाहून सुचते, त्या समाजात आजारी मुलगी आपला आजार बोलून दाखवील कशी?

साधे काय आणि असाधारण काय?

पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असते, हे खरे आहे. मोठ्या बाईची पाळी साधारणतः २१ ते ३५ दिवसांनी येते. मुलीची सुरुवातीला २१ ते ४५ दिवसांनी येऊ शकते. रक्तस्राव दोन ते सात दिवस राहतो. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, आणि ८० मिलिलिटरहून अधिक गेले तर तो अतिस्राव, अशी वैद्यकशास्त्राची जुनी मोजणी आहे.

पण घरात कोणी रक्त मापून पाहत नाही. तेव्हा आईला, शिक्षिकेला आणि आशाताईला ओळखता येतील अशा खुणा सांगितल्या पाहिजेत. पाळी सात दिवसांहून जास्त चालते. कापडाची घडी किंवा पॅड एक-दोन तासांत पूर्ण भिजते. रात्री बदलण्यासाठी उठावे लागते, तरी अंथरूण खराब होते. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात. पाळी २१ दिवसांच्या आत पुन्हा येते किंवा मध्येच डाग लागतात. मुलगी फिकट दिसते, जिना चढताना धापा टाकते, माती-खडू खावासा वाटतो. यांपैकी एखादी जरी खूण असली, तरी तो ‘वयाचा भाग’ समजून सोडून देऊ नये. उलट तीन महिने पाळी आलीच नाही, तर तेही तपासून घेतले पाहिजे. कारण लांबलेल्या पाळीनंतरचा स्राव बहुधा जोराचा असतो.

आता रक्ताचा हिशेब पाहू जाता चित्र गंभीर होते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. ८० मिलिलिटर रक्त गेले म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेले. भात, वरण आणि पातळ भाजी एवढ्यावर दिवस काढणाऱ्या मुलीच्या अंगी दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे महिन्याला तीस. त्यातून वाढत्या शरीराची गरज भागवायची, रोजची झीज भरून काढायची आणि वर ही चाळीसची तूट सोसायची! हे खाते दर महिन्याला तोट्यातच जाणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले, त्यात आश्चर्य ते कसले? आहारातील दारिद्र्य आणि पाळीतील अतिस्राव ही दोन वेगळी दुखणी नाहीत. एक दुसऱ्याला बळ देते.

असे का होते?

बहुसंख्य मुलींत कारण एकच असते, आणि ते समजण्यास अवघड नाही. मेंदूतील ग्रंथी आणि अंडाशय यांच्यातील निरोपानिरोपी सुरुवातीची काही वर्षे पक्की बसलेली नसते. त्यामुळे पाळी येते, पण दर महिन्याला अंडे सुटत नाही. अंडे सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर मग एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढत राहते. त्याला थांबा नसतो आणि मजबुतीही नसते. असे वाढलेले अस्तर एकाच वेळी नीट गळून पडत नाही. आज इथून, उद्या तिथून सुटत राहते आणि स्राव लांबतो. हा दोष बहुतेक मुलींत वयाबरोबर आपोआप दुरुस्त होतो. परंतु दुरुस्त होईपर्यंतची दोन वर्षे तिने रक्त गमावीत काढावीत, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, कारण ते बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ते आहे रक्त न गोठण्याचे जन्मजात दोष. १९२४ मध्ये बाल्टिक समुद्रातील ऑलांड बेटांवरील पाच वर्षांची एक मुलगी फिनलंडमधील डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली. तिच्या कित्येक भावंडांना रक्तस्रावाची खोड होती. १९२६ मध्ये त्यांनी हा आजार प्रथम वर्णिला आणि पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली. शंभर वर्षांपूर्वी त्या बेटावर उपाय नव्हता, आज आहे. पण निदान न झालेल्या मुलीपुरते पाहिले तर शंभर वर्षांत काहीच बदललेले नाही.

म्हणून प्रत्येक अतिस्राव असलेल्या मुलीला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिल्याच पाळीपासून स्राव जास्त आहे काय? नाकातून रक्त आले तर दहा मिनिटांत थांबते की नाही? हिरड्यांतून रक्त येते काय? न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात काय? दात काढला तेव्हा काय झाले? आईला बाळंतपणात फार रक्त गेले होते काय? या प्रश्नांना पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतात ती पाच मिनिटे आणि मुलीचा विश्वास. रक्तबिंबिका कमी होण्याचा आजारही कित्येकदा पाळीच्या अतिस्रावातूनच प्रथम उघडकीस येतो.

याखेरीज थायरॉईडचे विकार आहेत, अंडाशयात गाठी दाखविणारा आणि पाळी लांबविणारा संप्रेरकांचा विकार आहे, काही औषधांचे परिणाम आहेत. मोठ्या वयात आढळणाऱ्या गर्भाशयातील गाठी या वयात क्वचितच असतात. आणि एक कारण असे आहे, की जे उच्चारायला डॉक्टरही कचरतात: गर्भधारणा. लग्न झालेले असो वा नसो, या वयातील अनियमित रक्तस्रावात लघवीची साधी चाचणी करून ही शक्यता दूर करावी लागते, कारण गर्भपात होत असताना किंवा गर्भ नळीत राहिल्याने होणारा स्राव जिवावर बेततो. ही चाचणी म्हणजे मुलीवर आरोप नव्हे, हे आईला आधी समजावून सांगितले पाहिजे. मुलगी अठरा वर्षांखालील असली आणि चाचणीत गर्भ आढळला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. या भीतीपोटी मुली भोंदूंकडे जात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये हा तिढा काही अंशी सोडविला: मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपातासाठी कळविताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची सक्ती डॉक्टरवर नाही. ही गोष्ट गावोगाव माहीत झाली पाहिजे.

वैदर्भीय विशेष

विदर्भात या सर्वांत आणखी एक धागा मिसळतो, तो सिकलसेलचा. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, विशेषतः दलित आणि आदिवासी समाजांत, हा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. पाळीच्या प्रश्नाशी याचा संबंध दुहेरी आहे. सिकलसेलच्या रुग्ण मुलीचे रक्त आधीच कमी असते. त्यात अतिस्राव झाला तर ती लवकर कोलमडते. शिवाय तिच्या रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका अधिक असल्याने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या किंवा रक्त गोठण्यास मदत करणारी औषधे तिला सरसकट देता येत नाहीत. प्रोजेस्टेरॉनच्या गटातील औषधांचा विचार आधी करावा लागतो. तिचा रक्तक्षय केवळ लोहाच्या अभावाचा असेलच असे नाही, म्हणून लोहाचा साठा तपासून मग लोह द्यावे लागते. तात्पर्य, कुहीसारख्या तालुक्यात पाळीच्या तक्रारीची तपासणी सिकलसेलच्या चाचणीवाचून पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

तपासणी आणि उपचार

तपासणीची सुरुवात बोलण्यापासून होते. आईसमवेत बोलून झाल्यावर मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलले पाहिजे. नंतर नाडी आणि रक्तदाब, तोही निजलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही स्थितींत. त्यानंतर हिमोग्लोबिन, रक्तबिंबिकांची मोजणी, लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन चाचणी, गर्भाची चाचणी. गरजेनुसार थायरॉईड आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या. सोनोग्राफी लागली तर ती पोटावरून होते. अंतर्गत तपासणीची बहुतेक मुलींना गरज नसते. ‘डॉक्टर आतून तपासतील’ या धास्तीने जी कुटुंबे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांना हे ठासून सांगितले पाहिजे. गर्भाशय खरवडण्याच्या क्रियेचे तर या वयात जवळजवळ कधीच कारण नसते. तसा सल्ला कोणी सहज दिला, तर दुसरे मत घ्यावे.

उपचाराची तत्त्वे तीन: स्राव थांबविणे, गेलेले लोह भरून काढणे आणि मूळ कारण शोधणे. हिमोग्लोबिन बाराच्या वर असेल तर लोहाच्या गोळ्या, पाळीची नोंद आणि काही महिन्यांनी फेरतपासणी एवढे बहुधा पुरते. ते दहा ते बाराच्या दरम्यान असेल तर संप्रेरकांच्या गोळ्यांनी अस्तराला आधार द्यावा लागतो. त्याहून खाली गेले आणि स्राव सुरूच असेल, नाडी जलद असेल, उभे राहिल्यावर घेरी येत असेल, तर मुलीला दाखल करणेच इष्ट. तेथे संप्रेरकांची मात्रा वाढवून देतात, मग क्रमाने उतरवितात. प्रसंगी रक्त चढवितात. घरून निघताना ‘उद्या पाहू’ म्हणण्याची ती वेळ नव्हे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

या गोळ्यांपैकी काहींच्या पाकिटावर ‘संततिनियमन’ असे छापलेले असते आणि आईचा चेहरा उतरतो. पोरीला हे कशाला? हे औषध येथे अस्तर स्थिर करण्यासाठी असते; त्याने पुढे मूल होण्याची शक्ती जात नाही. दुसरे औषध ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. ते तयार झालेली रक्ताची गाठ विरघळू देत नाही आणि केवळ पाळीच्या दिवसांत घ्यायचे असते. जपानमधील उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी आपल्या पतीसह ते शोधून काढले आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. ते आज स्वस्त आहे. पाळीत पोट दुखते म्हणून ॲस्पिरिन मात्र घेऊ नये. त्याने स्राव वाढतो.

एका गैरवापराकडेही बोट दाखविले पाहिजे. घरात महालक्ष्म्या असोत, लग्न असो की पूजा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून मुलींना दिल्या जातात. या गोळ्यांत नोरेथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. अतिस्रावात डॉक्टर तेच औषध हिशेबाने देतात. पण विटाळाच्या कल्पनेपायी मनाने दिले, की गोळी थांबताच स्राव येतो, पाळीचे चक्र विस्कटते आणि मूळ आजार झाकला जातो. देवाला न चालणारे रक्त ही कल्पना माणसाने रचली आहे. तिची किंमत मुलीच्या शरीराने का मोजावी?

लोहाविषयी शेवटचे. हिमोग्लोबिन भरले तरी गोळ्या आणखी तीन महिने घ्याव्यात, तरच साठा भरतो. गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबू चालते. शाळा-अंगणवाड्यांतून आठवड्याला निळी गोळी देण्याची योजना २०१३ पासून देशभर राबविली गेली. ती चांगली आहे. पण आठवड्याची एक गोळी ही प्रतिबंधासाठी आहे. जिच्या अंगावरून रक्त वाहतेच आहे, तिच्यासाठी ती फुटक्या घागरीत ओतलेले पाणी होय.

व्यवस्थेचा प्रश्न

येथवर जे सांगितले, त्यात दुर्मीळ असे काही नाही. मग अडते कोठे? १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांच्या पाहणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ६५० स्त्रिया आणि मुली तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के जणींना एक वा अनेक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी समजुतीला या पाहणीने मोठा धक्का दिला. परंतु आरोग्यकेंद्रात मुलगी म्हणून, ना गरोदर ना बाळंतीण, जाण्याचे धैर्य आजही किती जणींना होते?

दुर्लक्षाचे दुसरे टोक बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले, की पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड मजूर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कित्येक जणी तरुण होत्या. पाळीचा खाडा म्हणजे मजुरीचा खाडा. तपासणी आणि औषध यांऐवजी शस्त्रक्रिया विकली गेली. ज्या तक्रारीवर लोह, गोळ्या आणि धीर यांनी उपाय होतो, तिच्याकडे वेळीच पाहिले नाही म्हणजे पुढे नफेखोरीला रान मोकळे मिळते. कुही, मांढळच्या मिरचीच्या सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांचा रोजही वजनावर ठरतो. तेथे आईबरोबर बसणारी मुलगी दुखणे अंगावर काढते, ते अज्ञानाने नव्हे. एक दिवस दवाखान्यात म्हणजे एक रोज बुडाला, हे गणित तिला पक्के ठाऊक असते. गोसीखुर्दमुळे उठून नव्या वसाहतींत आलेल्या कुटुंबांना तर ओळखीची सुईण आणि शेजारही मागे सोडावा लागला. नागपूरचे मेडिकल, मेयो, डागा ही रुग्णालये मोठी आहेत, हे खरे. पण वेलतूर किंवा आंभोऱ्याकडच्या माणसाला तिकडची एक खेप म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि दोन रोज.

म्हणून मागणी मोजकी आणि नेमकी असावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस किशोरवयीन मुलींसाठी असावा, आणि तेथे शक्यतो स्त्री डॉक्टर असावी. हिमोग्लोबिन, रक्तबिंबिका, सिकलसेल आणि गर्भाची चाचणी तेथेच व्हावी. फेरिटिन आणि रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी मुलगी नव्हे, तिच्या रक्ताचा नमुना नागपूरला जावा. लोह, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि संप्रेरकांच्या गोळ्या कधीही संपू नयेत. प्रत्येक माध्यमिक शाळेत पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह असावे. आशाताईच्या वहीत गरोदर बाईसाठी रकाना आहे, तसाच अतिस्राव असलेल्या मुलीसाठी असावा.

या मागण्यांना निधी लागेल. पण त्याआधी त्या मागण्याचे धैर्य लागेल. ग्रामसभेत बाई उठून ‘आमच्या पोरींच्या पाळीसाठी दवाखान्यात औषध नाही’ असे म्हणेल, आणि बाप्ये खाली मान न घालता तिला दुजोरा देतील, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला असे समजावे. तोवर निदान एवढे तरी प्रत्येक घराला करता येईल: भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्याच्या शेजारी मुलीच्या पाळीची तारीख आणि दिवस लिहावेत. सात दिवसांपुढे गेले, की तिला घेऊन दवाखाना गाठावा.